साफ केलेली खाडी

सोमवारी सकाळी एस्किलने फोन करून सांगितलं की मासे रुसलेत.

"रुसलेत म्हणजे?" गुनवोरने विचारलं. तिच्या तोंडात अजून पावाचा घास होता.

"म्हणजे सगळे कॉड मागच्या कोपऱ्यात, खडकाच्या आड एकमेकांना खेटून बसलेत. कालपासून एकाने कोळंबीला तोंड लावलं असेल तर शपथ. शनिवारी नव्या टाकीचं उद्घाटन आहे, बाई! लोकांना काय दाखवू, शेपट्या?"

एस्किल मत्स्यालयातला मासे सांभाळणारा. सव्वीस वर्षं त्याचे हात त्या गार पाण्यात होते. माणसांबद्दल तो वाट्टेल त्या थापा मारायचा, पण माशांबद्दल कधी खोटं बोलला नाही. त्यामुळे गुनवोरने उरलेला पाव तसाच ताटलीत टाकला आणि कोट चढवला.

तिचं काम जरा विचित्रच होतं, आणि ते समजावून सांगायचा तिला मनापासून कंटाळा होता. ती माशांसाठी आवाज तयार करायची. टाकी म्हटली की पंप आले, आणि पंप म्हटला की रात्रंदिवस घरघर आली. माणूस कानात बोळे तरी घालेल, माशाने काय करावं? म्हणून पंपांखाली रबर घालायचं, आणि पाण्यात स्पीकर सोडून त्या माशांना त्यांच्या खाडीचा आवाज ऐकवायचा: गोट्यांवरून परतणारी लाट, खडक खरवडणारे काटेरी चेंडूंसारखे समुद्री साळू, वरून पडणारा पाऊस, आणि विणीच्या दिवसांत कॉडच्या नरांचे हुंकार. तोच आवाज बाहेर दालनात माणसांना. ते ऐकून मासे खायला लागत, अंगावरचा रंग उजळे. या कामात गुनवोरचं नाव होतं. तीन देशांतून तिला बोलावणी येत, आणि ती नाही म्हणत असे, कारण परकं पाणी तिला कळत नसे.

तिचे सगळे आवाज हेगविकचे. हेगविक म्हणजे खाडीच्या आतल्या टोकाची अकरा घरं, आणि त्यातलं पाण्याला सगळ्यांत जवळचं घर तिच्या वडिलांचं. त्यांच्या धक्क्याखाली तिने तीन वर्षांपूर्वी पाण्यातला माईक सोडला होता. तिथून येणारा आवाज होडीघरातल्या यंत्रातून थेट शहरात येई. घरांच्या डोक्यावर डोंगर. त्याला गावातले लोक म्हातारी म्हणतात. म्हातारीच्या माथ्याला एक भेग आहे, ती वर्षाला चार बोटं रुंदावते, आणि डोंगरावर नजर ठेवणाऱ्या कचेरीने त्या भेगेत तारा आणि यंत्रं बसवली आहेत. कडा पाण्यात कोसळला तर लाट किती उंच येईल याचा नकाशा प्रत्येक घराच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असतो. त्याच खिळ्याला लोक छत्री अडकवतात. काय करणार? डोंगराखाली राहणाऱ्याने डोंगराला भ्यायचं ठरवलं तर कपडे वाळत घालायलाही बाहेर पडता येणार नाही.

मत्स्यालयात पोचल्यावर गुनवोर आधी टाकीशी गेली. दोन मजली काचेमागे हिरवं पाणी, आणि त्यात एकही मासा नाही. अगदी मागे, खडकाच्या फटीत, शेपट्यांचा एक पुंजका.

"काय वाजवतोयस आत?"

"तुझंच," एस्किल म्हणाला. "तू दिलेलं साफ रेकॉर्डिंग सहा तासांचं. तेच तेच ऐकून मासे कंटाळतात, तूच म्हणतेस. म्हणून परवा शनिवारी संध्याकाळी धक्क्यावरून येतं ते थेट सोडलं. ताजं ते ताजं."

"न निवडलेलं सोडलंस?"

"पाणी म्हणजे पाणीच ना! त्यात काय निवडायचं?"

गुनवोरचं डोकंच फिरलं. तिचं अर्धं कसब त्या निवडण्यातच होतं. तांदळातले खडे निवडावेत तशी ती खाडीतून माणसं निवडून काढायची: फेरीबोटीचं इंजिन, साखळ्या, कुणाची तरी बादली. आणि सगळ्यांत जास्त, वडिलांची मोगरी. वाळवलेला कॉड लाकडासारखा कडक होतो. तो धक्क्यावरच्या दगडावर धरून मोगरीने ठोकल्याशिवाय भिजत नाही. आनफिन, तिचे वडील, जन्मभर दुपारचे धक्क्यावर बसून मासा ठोकत आले होते. पहिल्या वसंतात त्या ठोक्यांनी तिचा जीव खाल्ला होता. शेवटी तिने संगणकाला एक ठोका ऐकवला आणि सांगितलं, असलं जे जे सापडेल ते उचल आणि फेकून दे. यंत्र इमानी. तेव्हापासून तिला ठोके ऐकू आलेच नाहीत, ना त्या वर्षी ना पुढे. फेकलेले तुकडे यंत्र एका कप्प्यात साठवत होतं. पण केरात कोण डोकावतं?

तिने हेडफोन लावले. लाट. साळूंची खरवड. आणि मग तो आलाच, कोरडा, खालून आलेला ठोका. थोड्या वेळाने आणखी एक.

"बाबांची मोगरी," ती म्हणाली. "बंद कर ते. माझं साफ केलेलं लाव."

एस्किलने लावलं. पाऊण तासात पहिला कॉड खडकाआडून बाहेर आला, मग दुसरा. एस्किल काचेपाशी उभा राहून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची थट्टा नव्हती.

"एक सांग," तो म्हणाला. "हे कॉड तुझ्या बापाच्याच खाडीतून आणलेत ना मी? लहानपणापासून त्यांनी ती मोगरी ऐकलीय. मग आजच काय झालं घाबरायला?"

ती आपल्या खोलीत गेली, तेच रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला बसली, आणि या खेपेला तिला खटकलं. वडिलांच्या हाताला एक ताल होता. दोन हलके, एक जड, मग मासा उलटायला थांबणं. टक टक, ठक्क. तिला तो झोपेतही ओळखता आला असता. इथे ताल नव्हता. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग तीन लागोपाठ, मग एक.

तिने वडिलांना फोन लावला. एक्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला फोनवर ऐकू यायचं म्हणजे ओरडावंच लागे.

"बाबा, किती मासा ठोकताय? गावजेवण आहे का? आणि हात कुठे गेला तुमचा? पार बेताल झालाय!"

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"मी मोगरी उचलून दोन वर्षं होतील गं," आनफिन म्हणाले. "उजवा खांदा गेला. हात वर जात नाही."

"काहीतरीच! नाताळात मला मासा पाठवलात तो?"

"दुकानातला. हल्ली ठोकलेला मिळतो, पिशवीत. मी फक्त पिशवी बदलली." ते जरासे हसले, लाजल्यासारखे. "तुला कशाला सांगायचं? लगेच म्हणाली असतीस, शहरात चला."

गुनवोरने फोन ठेवला. मग तिने तो केराचा कप्पा उघडला.

पहिल्या वर्षी साडेसातशे ठोके. सगळे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, सगळे तालात. ते वडिलांचे. दुसऱ्या वर्षी शंभरच्या आसपास, कुठल्याही वेळी, पहाटे तीनला, जेवणाच्या वेळी, नाताळच्या दिवशी. तिसऱ्या वर्षी तीन हजारांच्या वर. आणि त्यातले निम्म्याहून जास्त गेल्या पंधरा दिवसांतले.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती फक्त तिलाच माहीत होती. मागच्या वर्षी डोंगरावर नजर ठेवणाऱ्या कचेरीतल्या उन्नी नावाच्या बाईने तिला विचारलं होतं, तुझा माईक आमच्या म्हातारीच्या पायाशी आहे म्हणे, आमची यंत्रं सगळी माथ्यावर, पाण्याखालचं आम्हाला काही कळत नाही, तुझं रेकॉर्डिंग देतेस का? गुनवोरने दिलं होतं. पण कच्चं कसं द्यायचं? कच्चं काम बाहेर द्यायला तिला लाज वाटे. तिने छान निवडून, पुसून, चकचकीत करून दिलं होतं. उन्नीने आभाराचं पत्रही पाठवलं होतं.

मंगळवारी सकाळी आठला तिने उन्नीला फोन केला आणि सगळं सांगितलं, एका दमात, मध्ये श्वास न घेता.

"थांब, थांब," उन्नी म्हणाली. "तू दिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एकही ठोका नव्हता. त्यावरून आम्ही अहवालात लिहिलं, पायथा शांत."

"ते मी काढले होते."

"म्हणजे?"

"ठोके. मला वाटलं, बाबा मासा ठोकतायत. मी काढून टाकले आणि मग तुला दिलं."

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सगळे पाठव. आत्ता. एकही पुसू नकोस, गुनवोर, तुझ्या पाया पडते."

तिने पाठवले आणि सरळ गाडीत बसली. बोगदा, फेरी, पुन्हा बोगदा. एप्रिलची लख्ख दुपार होती, उतारांवर बर्फ वितळत होतं आणि रस्त्याच्या कडेने पाणीच पाणी वाहत होतं. एरवी तिला हे दिवस फार आवडत. आज प्रत्येक ओहोळ बघून तिला वाटत होतं की हे सगळं पाणी म्हातारीच्या भेगेतही उतरतंय.

आनफिन धक्क्यावर बसून कॉफी पीत होते. मुलीला बघून आनंद झाला, पण दाखवतील तर ते आनफिन कसले!

"उद्घाटन सोडून आलीस? काढून टाकलं वाटतं?"

"बाबा, आवरा. माझ्याबरोबर चला."

"झालं! म्हटलं होतं ना मी? खांद्याचं कळलं की लगेच शहर."

"खांद्यासाठी नाही. म्हातारीसाठी." तिने सगळं सांगितलं. कचेरीला काय दिलं होतं, तेवढं मात्र गाळलं.

आनफिननी वर डोंगराकडे बघितलं, मग कपातल्या कॉफीकडे. "म्हातारी कुरकुरायचीच. माझा आजाही हेच ऐकत मेला, आणि तो मेला न्यूमोनियाने. यंत्रं घेऊन येतात पोरं, आणि आम्हाला शिकवतात."

गुनवोर होडीघरात गेली आणि भिंतीवरचं जुनं वल्हं घेऊन आली. ते बघून म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. ती पाच वर्षांची असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं: वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांडा जबड्याच्या हाडाला टेकवायचा, तोंड मिटायचं, आणि मासा कुठे बोलतोय ते ऐकायचं. तिचा सगळा धंदा त्या एका वल्ह्यातून निघालेला. आनफिनचे कान गेले होते, पण जबडा शाबूत होता.

त्यांनी वल्हं घेतलं, गुडघ्यावर बसले, पातं बुडवलं आणि दांडा जबड्याला लावला. बराच वेळ ते तसेच होते. एकदा त्यांच्या पापण्या थरथरल्या. मग पुन्हा.

"मासे बोलत नाहीत," ते शेवटी म्हणाले. "एप्रिलचा पहिला आठवडा, आणि एक नर हुंकारत नाही. गेलेत सगळे." मग हळूच म्हणाले, "आणि हे म्हातारीचं कुरकुरणं नव्हे. हे मला माहीत नाही, काय आहे ते."

त्यांनी वल्हं पुसलं, जागेवर टांगलं, आणि मुकाट्याने पिशवी भरायला आत गेले. उभ्या जन्मात बाप इतक्या लवकर ऐकताना गुनवोरने पाहिला नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

बुधवारी दुपारपर्यंत कचेरीने हेगविक रिकामं केलं. अकरा घरं, तेवीस माणसं, चौदा शेळ्या. रस्त्यावर लाल-पांढरा दांडा आडवा टाकला आणि माणूस बसवला. होड्या पलीकडच्या काठाला नेऊन बांधल्या. बहुतेकांची सोय तिथल्या शाळेत झाली, आनफिन मुलीच्या दोन खोल्यांत आले.

आणि गुरुवारी पहाटे ठोके थांबले.

एकदम थांबले. गुरुवारभर एक नाही, शुक्रवारी एक नाही. शुक्रवारी दुपारी तर दोन-तीन कॉडही परत आल्याचं ऐकू आलं. गावकऱ्यांचं ठरलं की झालं, संपलं, आता घरी सोडा. बोरगिल्ड नावाच्या शेजारणीने आनफिनना फोन करून चांगलंच फैलावर घेतलं: शेळ्या आटल्या, शाळेच्या फरशीवर पाठ धरली, आणि हे सगळं कशासाठी, तर तुझ्या पोरीला पाण्यात टकटक ऐकू आली म्हणून! मत्स्यालयाच्या संचालकांना मात्र आनंद झाला. मासे शांत, खाडी शांत, मग उद्घाटनाला थेट हेगविकचाच आवाज लावू, वर्तमानपत्रात गावाचं नाव आलंच आहे. गुनवोरने हो म्हटलं. यापुढे ती कात्रीला हात लावणार नव्हती. फक्त नेहमीची एक सोय तिने ठेवली: मधेच तार तुटली तर यंत्राने आपोआप साफ रेकॉर्डिंग सुरू करायचं. दालन मुकं पडलेलं बरं दिसत नाही.

उन्नीला तिने विचारलं होतं, थांबलं हे चांगलं की वाईट?

"लाकूड मोडताना बघितलंयस?" उन्नी म्हणाली. "आधी करकरतं. मग जरा गप्प होतं."

शुक्रवारी संध्याकाळी जेवताना आनफिननी काटा खाली ठेवला. तीन दिवस त्या दोन खोल्यांत ते खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होते.

"म्हातारी गप्प झालीय. मला सोड घरी."

"गप्प झाली हेच वाईट आहे, बाबा."

"कुरकुरली तरी वाईट, गप्प झाली तरी वाईट! तिने करावं तरी काय? तुझ्या एका शब्दावर अकरा घरं उघड्यावर आली. बोरगिल्ड म्हणते..."

"बोरगिल्ड गेली उडत!" गुनवोर कडाडली. चार दिवसांची झोप नव्हती, आणि छातीवरचा धोंडा कुणाला दाखवता येत नव्हता. "माझ्या एका शब्दावर नाही, तुमच्या एका खोट्यावर! दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंत की मोगरी सुटली, तर मला तेव्हाच कळलं असतं की हे ठोके कुणाचे. दोन वर्षं! अख्खं गाव बुडालं असतं तुमच्या खांद्याच्या लाजेपायी!"

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. कारण केर न उघडणारी ती, कचेरीला पुसलेला आवाज देणारी ती, आणि पाप बापाच्या पदरात घालून मोकळी होणारीही तीच. उद्या सांगू, तिने ठरवलं. उद्घाटन झालं की त्यांना टाकीपुढे बसवून सगळं सांगू.

आनफिननी ताट संपवलं, धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाले.

शनिवारी सकाळी सातला ती निघाली तेव्हा ते बूट घालून तयार बसले होते.

"इतक्यात? उद्घाटन एक वाजता आहे."

"येतो मी बसने. तू जा पुढे." आणि ती दारात असताना म्हणाले, "खांदा जरा बरा वाटतोय आज."

तिने ऐकलं, पण तिच्या डोक्यात तारा आणि स्पीकर होते. "नीट या," म्हणून ती जिना उतरली.

एक वाजता दालनात दोनशे माणसं होती. पुढे शाळेची मुलं, जमिनीवर मांडी घालून. गुनवोर मागे यंत्रापाशी उभी होती आणि दाराकडे बघत होती. बाबांचा पत्ता नव्हता. बस चुकली असेल, किंवा रुसले असतील, ती मनाशी म्हणाली. संचालकांनी छोटं भाषण केलं, आणि म्हणाले, आता जे ऐकाल ते या क्षणी हेगविकच्या धक्क्याखाली घडतंय. तिने बटण वर सरकवलं.

लाट आली. साळू खरवडायला लागले. एक कॉड हुंकारला, आणि पोरं खुदकन हसली. काचेपलीकडे मोठाले कॉड संथपणे फिरत होते, आणि एस्किल त्यांच्याकडे लेकरांकडे बघावं तसा बघत होता.

मग ठोका आला.

एस्किलने झर्रकन वळून तिच्याकडे पाहिलं. तिचा हात बटणावर गेला. पण लगेच दुसरा आला, आणि तिसरा. टक टक, ठक्क. थांबणं. टक टक, ठक्क. जड ठोका पूर्वीइतका जड नव्हता, जरा घसरत होता, पण ताल तोच. तिने एस्किलकडे बघून मान हलवली, ते नव्हे, ते नव्हे, आणि तिला चक्क हसू आलं. क्षणभर, फक्त क्षणभर, तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

मग तिला कळलं की मोगरी कुठे वाजतेय.

रस्त्यावर दांडा टाकता येतो, पाण्यावर कोण टाकणार? सकाळची बस, फेरी, पलीकडच्या काठाला बांधलेली त्यांची होडी. रिकाम्या गावात, आपल्या धक्क्यावर, म्हातारा मोडक्या खांद्याने मासा ठोकत होता, लेकीला उद्घाटनात ऐकू यावं म्हणून. या खेपेला मासा दुकानातला नव्हता.

तिने फोन काढला. दोनदा नंबर चुकला. मग लागला, आणि तिला तो ऐकू आला, कानातून नव्हे, दालनातल्या स्पीकरमधून: फळीवर ठेवलेला फोन गुरगुरत होता, आणि तिचाच माईक तो तिला ऐकवत होता. गुर्र, गुर्र. वर मोगरी चालूच. टक टक, ठक्क. त्यांना फोन ऐकू येत नव्हता. कसा येणार?

"उचला, बाबा," ती म्हणाली. मग ओरडली, "बाबा, उचला!" पुढची माणसं वळून बघायला लागली.

तेवढ्यात टाकीतले सगळे कॉड एकदम वळले आणि मागच्या खडकाआड नाहीसे झाले. "अरेरे, गेले!" एक पोरगी म्हणाली. एस्किल पुढे धावला, आणि काचेला तळहात लावून तसाच थिजला.

टक टक.

जड ठोका आलाच नाही. त्याच्या जागी खालून काहीतरी आलं. ते कानाला कळण्याआधी पोटात कळलं, स्पीकर थडथडले, काच गुणगुणली, एक मूल रडायला लागलं. मग कट्ट झालं आणि सगळं थांबलं.

तार तुटल्याबरोबर यंत्राने तिने शिकवलेलं काम केलं. लाट आली, अगदी मऊ. पाऊस पडू लागला. दूरवर एक कॉड हुंकारला, त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, वा, काय सुंदर! आणि टाळ्या वाजल्या.

ते पहिल्या वसंतातलं रेकॉर्डिंग होतं. त्या दिवसांत आनफिन रोज दुपारी धक्क्यावर बसायचे, धडधाकट खांद्याने, माईकच्या अगदी डोक्यावर. साडेसातशे ठोके. गुनवोर यंत्रापाशी उभी राहून ऐकू लागली, लाटेच्या मागे, पावसाच्या मागे, एखादा तरी नजरचुकीने राहून गेला असेल म्हणून. एस्किल गर्दीतून वाट काढत तिच्याकडे येत होता. ती ऐकत राहिली. काम चोख होतं. एकही राहिला नव्हता.